भाड्याचा कोट

आमच्या घरात माझ्या वडिलांचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांनी कोट घातलेला आहे. नवीन पाहुणा आला की हमखास विचारतो, "वडील वकील होते का?" वडील वकील नव्हते. किन्हीराजाच्या शिवारात त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती, आणि कोट वाशीमच्या एका फोटो स्टुडिओचा होता. त्या काळी स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक कोट, एक टाय, एक कंगवा आणि एक आरसा टांगलेला असे. कोट वडिलांना ढगळ झाला, म्हणून फोटोग्राफरने पाठीमागून टाचण्या लावून तो बेतशीर केला. कमरेखाली धोतरच होते. पण फोटो कमरेपर्यंतच घ्यायचा असल्यामुळे त्याची अडचण पडली नाही. असा तो पाच मिनिटांचा कोट भिंतीवर साठ वर्षे टिकला आहे. विकत घेतलेला कोणता कोट एवढा टिकतो, मला सांगा!

तेव्हा मी मुळातच भाड्याच्या पक्षाचा माणूस. त्यात पुन्हा माझा जन्म गणित शिकवण्यात गेला. आणि आमचे गावही मला अनुकूलच होते. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, मालेगाव तालुक्यात आमचे किन्हीराजा. रस्त्यावरच्या गावात निम्मा संसार भाड्यावर चालतो. लग्नाचा मांडव भाड्याचा, त्यातली गंजे-पातेली भाड्याची, भोंगा भाड्याचा, नवरदेवाचा घोडा भाड्याचा. एवढेच कशाला, वरातीत नाचणाऱ्या बँडवाल्यांचे लाल डगलेसुद्धा मालकाचे असतात, अंगात घालणाऱ्याचे नसतात. सोयाबीन काढायला मळणीयंत्र येते ते पोत्यामागे भाव ठरवून, आणि ट्रॅक्टर येतो तो एकराने. हंगामात पंजाबातून हार्वेस्टर येतात, आठ-पंधरा दिवस शिवारात घरघरतात आणि निघून जातात. यातले एखादे यंत्र हौसेने विकत घेणारा शेतकरी मी पाहिलेला आहे. यंत्र वर्षाचे अकरा महिने लिंबाखाली उभे असते, आणि उभी वस्तू खाते. बैल कडबा खातो, यंत्र व्याज खाते.

एवढी प्रस्तावना केली ती २०२४ सालच्या जानेवारीत पुण्याहून आलेल्या एका फोनमुळे. फोन आमच्या विनायकचा. फेब्रुवारीत त्याने आम्हा सगळ्यांना गुलमर्गला न्यायचे ठरवले होते. आम्ही दोघे म्हातारे, तो, सूनबाई आणि आमचा अकरा वर्षांचा नातू अथर्व. सौ.ला बर्फ पाहायचा होता. आमच्या गावात बर्फ पाहिलेला म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा किंवा रसवंतीतल्या पोत्यात भुसा लावून ठेवलेला. तिची ही हौस मी चाळीस वर्षे ऐकत आलो होतो, त्यामुळे जाण्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती विनायकने पाठवलेल्या यादीबद्दल. अथर्वला स्की शिकायची होती, म्हणून त्याच्यासाठी स्कीची जोडी, तिचे बूट, बूट अडकवायचे खटके आणि दोन काठ्या असे सगळे मिळून पंचेचाळीस हजार रुपये!

मी वही काढली. गुलमर्गला हे सगळे सामान दिवसाच्या भाड्याने मिळते, याची मी चौकशी केली; आमच्या मुक्कामाच्या दिवसांत ते सुमारे हजार रुपये रोज पडेल, असे समजले. पंचेचाळीस हजार भागिले एक हजार, म्हणजे पंचेचाळीस दिवस. वर्षातून चार दिवस बर्फावर जायचे म्हटले तर विकत घेतलेले सामान वसूल व्हायला सव्वाअकरा वर्षे लागणार. तोवर अथर्व बावीस वर्षांचा झालेला असेल. त्याचे पाऊल मात्र तेवढे थांबणार नाही. पोरांच्या पायाला वर्षाला एक नंबर लागतो, हे मुलांना चपला घेणाऱ्या कोणत्याही बापाला ठाऊक असते. परदेशात, जिथे हिवाळाभर बर्फ असतो, तिथेदेखील पुष्कळ पालक मुलांचे सामान हंगामापुरते भाड्याने घेतात आणि वसंत ऋतूत परत करतात. शिवाय विमानात फुकट न्यायला मिळते पंधरा किलो वजन, आणि स्की व बूट मिळून त्यातले बरेचसे खाऊन टाकतात. मग कपडे कुठे ठेवायचे?

हे सगळे मी विनायकला फोनवर समजावून सांगितले. तो "हो, हो" म्हणत राहिला आणि शेवटी एवढेच म्हणाला, "बाबा, त्याचं स्वतःचं असावं असं मला वाटतं." का, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

माझ्या मदतीला निसर्ग धावून आला. त्या वर्षीचा जानेवारी काश्मीरमध्ये कोरडा गेला. एरवी पांढरेशुभ्र दिसणारे गुलमर्गचे माळ पिवळट गवतासकट उघडे पडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. हॉटेलांचे आरक्षण रद्द होऊ लागले. आम्हा कोरडवाहू लोकांना हे चित्र ओळखीचे. बियाणे घरात, आणि आभाळ निरभ्र! पंचेचाळीस हजारांची स्की पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर उभी करून ठेवली असती तर? महिनाअखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी तिकडे बर्फ पडला, आमची सहल वाचली. पण तोवर विनायकचा हात ढिला झाला होता. त्याने खरेदीचा बेत सोडला.

बाकीच्या यादीचा निकाल आमच्या सौ.ने लावला. ती पक्की वऱ्हाडी आहे. फोन माझ्या हातातून घेऊन ती म्हणाली, "हे पाय विनू, जे आंगाले लागते ते आपलं घे, आन् जे बर्फाले लागते ते भाड्यानं घे. दुसऱ्याच्या घामाचे मोजे मले नाई पायजेत." या एका वाक्यात तिने जी वाटणी केली ती नंतर गुलमर्गच्या जाणत्या माणसांकडूनही मी ऐकली. आतले उबदार कपडे, लोकरीचे मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे आणि डोळ्यांचा मोठा चष्मा एवढे विकत घ्यावे. कोट, बूट, स्की, काठ्या, शिरस्त्राण भाड्याने. चष्म्याच्या बाबतीत कंजुषी करू नये. ताजा बर्फ सूर्याचे ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. वरून ऊन आणि खालूनही ऊन. डोळे उघडे ठेवले तर संध्याकाळी त्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

मोज्यांवरून मात्र माझ्या मनाला थोडे लागले. आम्ही वऱ्हाडातले, कापसावर जगलेले लोक. आणि सगळे सांगत होते, सुती काही घालू नका! सुती कपडा घाम पितो, तो घाम धरून ठेवतो, आणि थंडीत तोच अंगाला गार फडक्यासारखा चिकटतो. लोकर किंवा कृत्रिम धागा हवा. माझी सुती बंडी मी तरीही पेटीत टाकली होती. ती कशी आणि केव्हा काढून ठेवावी लागली, ते सांगण्यासारखे नाही.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. वाटेत डोंगराच्या पायथ्याशी टंगमर्ग लागते. हे गाव पाहताच मला माहेरी आल्यासारखे वाटले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने! रांगेने लटकलेले जाडजूड कोट, खाली जोड्याजोड्यांनी उभे केलेले बूट, आणि प्रत्येक दुकानदार आपल्या गाडीकडे धावतो आहे. आमच्या गाडीची चाकेसुद्धा इथे साखळ्या घालून वर निघाली. घसरू नये म्हणून चाकांना बांधायच्या या लोखंडी साखळ्या. त्याही भाड्याच्याच असे कळले, तेव्हा मी विनायककडे नुसते पाहिले. तो हसला.

मी घातलेला कोट निळा होता आणि तो माझ्याआधी बहुधा एखाद्या पंजाबी सद्गृहस्थाने घातला असावा, कारण त्याच्या खिशात मला सौंफेचे चार दाणे सापडले. पाठीमागे टाचण्या लावायला कोणी नव्हते. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आता मामंजीसारखे दिसता."

गुलमर्गला स्कीची दुकाने निराळी. कोट-बुटांच्या दुकानात घासाघीस चालते; इथे मात्र गणित चालते, आणि ते पाहून माझा जीव सुखावला. पहिल्या एका दुकानात आम्ही फसलो. तिथल्या माणसाने अथर्वला घाईघाईने दोन नंबर मोठे बूट दिले, वर सांगितले की दोन मोजे घाला, बसतील. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचे चार बकलांचे प्रकरण. त्यात टाच हलली की सगळे ओमफस. पाय एकीकडे वळतो आणि स्की दुसरीकडे जाते. एक बकल तुटकेही होते. पोराने तासाभरात रडकुंडीला येऊन बूट काढले. भाडे परत मिळाले नाही.

दुसऱ्या दुकानातला म्हातारा दुकानदार मात्र आपल्या कामातला पंडित होता. त्याने आधी अथर्वचे पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजले. स्कीच्या बुटाचा नंबर पावलाच्या लांबीवरच असतो. एकच पातळ मोजा घालायला लावला. सरळ उभे राहिले की अंगठा पुढे टेकावा आणि गुडघा वाकवला की तो किंचित मागे सरावा, म्हणजे बूट बरोबर. स्कीची उंची शिकाऊ मुलाच्या हनुवटीच्या खालीच ठेवली. मग त्याने अथर्वचे वय, वजन, उंची विचारली, बुटाच्या तळव्याची लांबी पाहिली आणि एका लहान स्क्रूड्रायव्हरने खटके जुळवले. हे खटके म्हणजे स्कीचा प्राण. मूल पडले आणि स्की वाकडी अडकली तर पाय मुरगळण्याआधी बूट सुटला पाहिजे. पण चालू वळणात सुटता कामा नये. फार घट्ट असले तर गुडघा जातो, फार सैल असले तर तोंडावर आपटायचे. विकत घेतलेल्या स्कीचे खटके पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोणी जुळवले असते, हा मुद्दा मी मनातल्या मनात वहीत टिपून ठेवला. म्हाताऱ्याने सूनबाईंचेही वजन विचारले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगायला नकार दिला, आणि म्हाताऱ्याने शांतपणे कागद पुढे केला. हा प्रसंग त्याच्यावर रोजच येत असावा.

अथर्वला खरे तर स्नोबोर्ड हवा होता. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून घसरायचे. पण म्हातारा म्हणाला, आधी दोन फळ्यांवर उभे राहायला शिक. माकडटोपीवर शिरस्त्राण बसेना, म्हणून माकडटोपी माझ्या खिशात आली.

गुलमर्गला हा खेळ नवा नाही. इंग्रजांच्या अमदानीत १९२७ साली तिथे स्की क्लब निघाला. १९६४ मध्ये इन्सब्रुकला जेरेमी बुजाकोवस्की हा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला, तोही स्कीवरच. २०२२ साली बीजिंगला आपल्या देशातर्फे एकटा आरिफ खान गेला. तो याच मुलखातला, आणि त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचेच दुकान होते. विकत की भाड्याने हा प्रश्न त्याला पडला नसेल. वर जाणारा पाळणा १९९८ मध्ये कोंगदूरीपर्यंत सुरू झाला आणि २००५ मध्ये त्याच्याही वर अफरवटच्या अंगाला, जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत गेला. आम्ही पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन आलो. सौ. पाळण्यात डोळे मिटून बसली होती. पण वर पोचल्यावर तिने वाकून मूठभर बर्फ उचलला, बराच वेळ हातात धरला आणि कोणाला न दाखवता थोडा तोंडात टाकला. तो तिचा क्षण होता, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

पहिल्या दिवशी अथर्व सतरा वेळा पडला. मी बाकावर बसून मोजत होतो. अठराव्या वेळी तो शिकाऊंच्या उतारावरून स्कीची टोके आत वळवून, दातओठ खात, वरून खालपर्यंत न पडता आला. संध्याकाळी दुकानात सामान परत करताना त्याने ती जोडी हातातून सोडेना. स्कीवर बत्तीस नंबरची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्याने म्हाताऱ्याला विचारले, "कल मुझे यही मिलेगी ना?"

"जो पहले आएगा, उसकी," म्हातारा म्हणाला. त्यात त्याचे काही चुकले नाही. पण मी सहज विनायककडे पाहिले आणि त्याचा चेहरा मला काही निराळाच दिसला.

रात्री जेवणानंतर बायका झोपल्या. आम्ही दोघे बुखारीजवळ बसलो होतो. बाहेर बर्फ पडत होता, आणि बर्फाचा आवाज येत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आमच्याकडे आभाळातून जे पडते ते वाजत पडते. विनायक म्हणाला, "बाबा, तुम्हाला सात नंबर आठवतो का?"

मला आठवेना.

"स्टँडवरच्या सायकलच्या दुकानातली. लहान सायकल. मडगार्डवर सात नंबर रंगवलेला."

मग आठवले. १९९१ च्या सुमाराची गोष्ट. विनायक अकरा वर्षांचा होता आणि त्याला सायकल हवी होती. मी त्याला वही काढून दाखवली होती. सायकलची किंमत इतकी, तासाचे भाडे एक रुपया, तू चालवणार सुट्टीत फार तर रोज एक तास. म्हणून विकत घेण्यात अर्थ नाही. माझे गणित बरोबर होते. आजही ते बरोबरच येईल. त्या दुकानात मुलांच्या मापाची सायकल एकच होती. ती मिळावी म्हणून विनायक दिवाळीच्या सुट्टीत पहाटे आंघोळ उरकून दुकानासमोर जाऊन बसे, आणि तरी पुष्कळदा दुसरेच पोर ती घेऊन जाई. हे मला माहीत होते. मला त्यात त्याची चिकाटी दिसत असे आणि मी तिचे चारचौघांत कौतुकही करीत असे.

पुढचे मात्र मला माहीत नव्हते. एकदा तो जऊळक्याच्या रस्त्याने फार लांब गेला, साखळी पडली, आणि परत यायला दुसरा तास लागला. खिशात एकच रुपया. दुकानदाराने दुसरा रुपया येईपर्यंत त्याच्या चपला ठेवून घेतल्या. विनायक अनवाणी घरी आला आणि चपला हरवल्या म्हणून सांगितले. घरी रुपया मागण्याचा धीर त्याला झाला नाही. नव्या चपला होत्या त्या, दिवाळीच्या. मी त्याला मारले.

"मारल्याचं काही नाही बाबा," विनायक म्हणाला. "पण दोन दिवस त्या चपला मला दुकानात खिळ्याला टांगलेल्या दिसायच्या. तिसऱ्या दिवशी त्या तिथं नव्हत्या."

मी काय बोलणार? एक रुपया, हा आकडा माझ्या डोक्यात फिरत राहिला. बोलण्यासारखे काही सुचेना, म्हणून मी बुखारीत लाकूड सारले, ते आधीच पुरेसे होते. थोड्या वेळाने विनायक उठला, माझ्या पायांवर रजई नीट केली आणि झोपायला गेला.

मला झोप अशी लागलीच नाही. सातच्या सुमारास उजाडू लागले, तेव्हा मी उठलो, तो निळा कोट चढवला, गमबूट घातले आणि बाहेर पडलो. रात्रीच्या बर्फाने वाट बुजली होती. पाऊल घोट्याच्या वर रुतत होते. दुकान फार लांब नव्हते, पण एकाहत्तराव्या वर्षी बर्फातले चालणे म्हणजे नांगरटीत चालण्यासारखेच, फक्त ढेकूळ दिसत नाही. दुकानाला कुलूप होते. समोरच्या बाकावरचा बर्फ मी हाताने लोटला आणि बसलो. नाकातला श्वास मिशीवर गोठत होता. एक कुत्रे येऊन माझ्याकडे पाहून गेले.

बऱ्याच वेळाने वाटेवर कोणी येताना दिसले. मान खाली घालून, भरभर. अगदी जवळ आल्यावर त्याने मान वर केली.

"बाबा? तुम्ही इथं?"

"नंबर लावला आहे," मी म्हणालो.

विनायक थोडा वेळ उभाच राहिला. मग त्याने बाकाच्या दुसऱ्या टोकावरचा बर्फ झाडला आणि शेजारी बसला. माझी माकडटोपी खिशातच होती. ती काढून मी त्याच्या हातावर ठेवली. तो हसला नाही, त्याने ती घातली. आम्ही काही बोललो नाही. पलीकडे चहावाल्याने चूल पेटवली, तेव्हा तो उठून दोन कप चहा घेऊन आला. पैसे त्याने दिले.

साडेआठला म्हातारा दुकानदार फिरनच्या आत कांगडी सांभाळत आला. कुलूप थंडीने आखडले होते, ते त्याने फुंकर घालून सैल केले. मग आमच्याकडे वळून पाहिले. एक म्हातारा, एक प्रौढ, दोघांच्या अंगावर टंगमर्गचे कोट.

"क्या चाहिए?" त्याने विचारले.

"बत्तीस नंबर," आम्ही दोघेही म्हणालो.